येण्याचं बक्षीस

सेन्काने जन्मात एका दिवसात एवढ्या शिव्या खाल्ल्या नव्हत्या. त्यातल्या निम्म्या तिला मनातून पटतही होत्या, आणि तेच जास्त झोंबत होतं.

झालं होतं असं. सोमवारी सकाळी ‘सालाश’ या खेळात नव्या आठवड्याची कामं झळकली. सालाश म्हणजे रानातलं शेतघर. खेळात प्रत्येकाला एक मिळतं, आणि शेजारी असतात ती खरीखुरी माणसं. कुणी सुबोतित्साचं, कुणी किकिंदाचं, तर कुणी पोटासाठी व्हिएन्नात जाऊन बसलेलं. बदकांना दाणा घाला, बीट उपटा, शेजाऱ्याचं गवत कापून द्या. आठवड्याची सगळी कामं उरकली की मधाच्या बरण्या मिळतात. रविवारी संध्याकाळपर्यंत एक जरी काम राहिलं, तर आठवडाभराची मेहनत पाण्यात. नोवी सादच्या एका जुन्या इमारतीत, बेकरीच्या वरच्या मजल्यावर बसून चारसहा जण हा खेळ चालवत, आणि आठवड्याची कामं ठरवणं सेन्काकडे होतं.

शरद ऋतू आला, घराघरांतल्या स्लावा, म्हणजे घराण्याच्या संतांचे सण, जवळ आल्या, म्हणून तिने या आठवड्यासाठी लिहिलं: ‘तुमच्या घराण्याच्या संताचा दिवस आलाय! शेजाऱ्यांना निमंत्रणं पाठवा. सगळे आले तर मधाच्या तीन बरण्या.’

स्लावाचं निमंत्रण! अहो, स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दार उघडं ठेवायचं, मेणबत्ती लावायची, टेबल मांडायचं आणि वाट बघायची. ज्याला तुमची आठवण असते तो येतो. बोलावणं धाडायचं म्हणजे ‘तू काही आपणहून येणाऱ्यातला नाहीस’ असं त्याच्या तोंडावर म्हणायचं. सेन्का तिसा नदीकाठच्या खेड्यात वाढलेली, दर वर्षी आईच्या हाताखाली अक्रोड कुटलेले, आणि तिने हे लिहिलं. कारण काय, तर आठवड्याचं प्रत्येक काम याच साच्यात बसायचं. अमुक इतक्यांना तमुक करा आणि मध घ्या. हात आपोआप चालला आणि डोकं मागे राहिलं.

दुपारपर्यंत तक्रारींचा पाऊस पडला. ‘ज्या बाईने हे लिहिलं तिच्या घरी बहुतेक मांजरसुद्धा निमंत्रण घेऊन येत असेल.’ ‘माझा आजोबा कबरीत कुशीवर वळला.’ एकदा तोंडं उघडली म्हटल्यावर माणसं मूळ मुद्द्यावर कशाला थांबतील? ‘आधी मी दमून आल्यावर मजा म्हणून खेळायचो. आता ही दुसरी नोकरी झाली, आणि पगार काय, तर चित्रातला मध!’

“हे बघ,” ओग्न्येन म्हणाला. खेळ त्याच्या डोक्यातून निघालेला, कर्जही त्याच्याच नावावर. “निमंत्रणाचं मी काढून टाकलं. पण लोक म्हणतायत, आठवड्याची कामंच नकोत. आणि मला माहितीये, ती काढली तर लोक यायचेच बंद होतील. तुझं खातं, तू ठरव. सोमवारी सकाळी पुढचा आठवडा लागायच्या आत मला सांग. मध ठेवायचा की काढायचा?”

“आणि मी चुकले तर?”

“तर खालच्या बेकरीत दोघंही पाव भाजू.”

सेन्काला यातलं काहीच ठरवता येत नव्हतं, कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती जी ओग्न्येनला नव्हती. तिचा बाप, झिवान, या आठवड्याच्या कामांवर जगत होता.

गेल्या हिवाळ्यात आई गेली, देसांका. झिवानने उभा जन्म तिसा नदीवर तराफा चालवला. या काठची माणसं, गाड्या, गाई त्या काठाला पोचवल्या. बायको गेल्यावर हाच माणूस अंथरुणातून उठेना. दाढी करीना. तेव्हा सेन्कानेच त्याच्या फोनवर सालाश घालून दिला. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त बदकांना दाणा घातला. महिनाभराने त्याच्या बरण्या मोजायला फळी पुरेना. ऑफिसातल्या पडद्यावर सेन्का रोज सकाळी त्याची ओळ उघडून बघायची. असं बघू नये, हे तिला कळत होतं. पण बदकांनी दाणा खाल्लेला दिसला की बाप उठला, चहा झाला, असं समजून ती कामाला लागायची.

आणि या आठवड्यात ती ओळ कोरी होती. मंगळवारी तिला वाटलं, रागावलेत. गुरुवारी वाटलं, सर्दीबिर्दी झाली असेल. शनिवारी सकाळी तिने फोनवर फोन केले, एकही उचलला गेला नाही, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती तशीच गाडीत बसली.

झिवान स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. फोन कपाटावर पालथा पडला होता.

“बाबा! मला वाटलं, मेलात की काय!”

“मेलो असतो तर समोरच्या सावाच्या कुत्र्याने कळवलं असतं. तो सगळ्या गावाचं कळवतो.” त्याने सुरी खाली ठेवली नाही. “ते निमंत्रणाचं तू लिहिलंस?”

“मीच.”

“तुझ्या आईने वाचलं असतं ना, तर लाटणं घेऊन पहिल्या बसने नोवी सादला आली असती.”

“मग आठवडाभर मला शिक्षा चालली होती का? फोन तरी उचलायचा!”

“शिक्षा कसली? मी त्या यंत्रात शेजाऱ्यांसाठी चार ओळी लिहिल्या आणि ते बंद केलं. लिहिलं की माझ्या घरी संत लुका असतो, तराफ्यावरून उतरलेला कुणीही आत यायचा, आणि मी कुणाला कधी बोलावलं नाही. बस्स.”

सेन्का खुर्चीत बसली. बाप धडधाकट आहे म्हटल्यावर तिला आता राग यायला मोकळीक झाली होती. पण तिने आजूबाजूला पाहिलं. उद्या रविवार, उद्या संत लुका. चुलीवर गहू नव्हते, परातीत पीठ नव्हतं, आईचा चांगला टेबलक्लॉथ कपाटात घडी घातलेलाच होता.

“उद्याची तयारी?”

“उद्या काही नाही.”

“काही नाही म्हणजे? आई गेली म्हणून? गाणी नाही म्हणायची फक्त. मेणबत्ती तर...”

“कोण येणार आहे, सेन्का?”

हे तो अगदी साध्या आवाजात म्हणाला.

“सावाकाका येतील. तुमचे कूम आहेत ते.” कूम म्हणजे लग्नात साक्षीला उभा राहिलेला, पोरांना नाव देणारा माणूस. भाऊ भांडून दूर जाऊ शकतो, कूम नाही.

झिवानने आणखी एक कांदा पुढे ओढला. एवढ्या कांद्याचं तो काय करणार होता कोण जाणे.

“उन्हाळ्यात पेत्रोव्दानच्या सणाला सावाची स्लावा असते,” तो म्हणाला. “मी गेलो नाही.”

“बाबा!”

“रविवार होता. शेजाऱ्याचं गवत कापायचं राहिलं होतं, त्या फोनातल्या शेजाऱ्याचं. संध्याकाळी आठवडा संपत होता. म्हटलं, एवढं उरकतो आणि निघतो. उरकेपर्यंत अंधारलं. उशिरा जायची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी, गेलो नाही याची लाज वाटली. मग रस्ता ओलांडायचीच लाज वाटायला लागली. चाळीस पावलांवर घर आहे त्याचं, आणि मी मागच्या फाटकाने दुकानात जातो. चोरासारखा.”

सेन्काचे डोळे भरून आले. ते गवताचं काम तिनेच लिहिलं होतं, आणि तेव्हा स्वतःवर खूशही झाली होती.

“पण त्या कामांनीच तुम्हाला अंथरुणातून उठवलं ना?” ती रडत रडतच भांडायला लागली. “मी रोज बघायची! दाढी करायला लागलात तुम्ही!”

“उठवलं. मी कुठे नाही म्हणतो? तुझी बदकं नसती तर मी आईच्या मागोमाग गेलो असतो. पण उठवून मला या खुर्चीत बसवलं, आणि इथून हलू दिलं नाही. दोन्ही खरं आहे, पोरी. आता तू शिकलेली, तूच सांग त्याचं काय करायचं.”

ती उठली, डोळे पुसले आणि परात काढली. “गहू मी आणते. दार उघडं ठेवायचं. आला तर आला.”

“आणि नाही आला तर?”

“तर आपण दोघं कोबीच्या पानांतला सगळा सार्मा खाऊ आणि पोट दुखून पडू.”

दुकानात ती गहू, अक्रोड आणि मेणबत्ती घेऊन वळली, तर दारात सावा. मिशा तशाच भरघोस, टोपी तशीच मागे सरकलेली. लहानपणी याच माणसाच्या खांद्यावर बसून तिने जत्रा पाहिली होती.

“आलीस?” सावा म्हणाला.

“आले, सावाकाका.”

“बाप बरा?”

“बरा आहे.”

सेन्काच्या ओठांवर आलं होतं. उद्या या, एवढंच तर म्हणायचं होतं. दोन शब्द. पण ते दोन शब्द म्हटले, तर उद्या सावा आला तरी तो आल्यासारखा होणार नव्हता, बोलावल्यासारखा होणार होता, आणि बापाला ते आयुष्यभर सललं असतं. तिने दातांखाली जीभ धरली. सावाने तिच्या पिशवीत डोकावून पाहिलं. गहू दिसले, मेणबत्ती दिसली.

“ही नको घेऊस,” तो म्हणाला, “ही दुपारीच विझते. ती जाड घे.” आणि साबण घ्यायला आत गेला.

याचा अर्थ काय लावायचा? सेन्का घरी येईपर्यंत लावत होती. बापाला तिने काही सांगितलं नाही. आशा दाखवायची आणि ती खोटी ठरायची, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

त्या संध्याकाळी तिने आयुष्यात पहिल्यांदा एकटीने स्लावाची भाकरी भाजली. ती एका अंगाला फुगली आणि मधोमध तडकली. झिवानने ती सगळ्या बाजूंनी निरखली आणि म्हणाला, “नाव ठेवायला काही जागा नाही. म्हणजे, जागा भरपूर आहे, पण उद्या ठेवू.” सेन्का हसली. कित्येक महिन्यांनी बापाच्या तोंडून थट्टा ऐकत होती.

रविवारी सकाळी पाद्री घाईघाईत आले, त्यांना अजून बरीच घरं करायची होती. भाकरी हातांत धरून बाप-लेकीने ती फिरवली, वाइन ओतली, तोडली, चुंबन घेतलं. पाद्री गेले. मग टेबलावर आईचा टेबलक्लॉथ, शिजवलेल्या गोड गव्हाचा, झितोचा वाडगा, त्यात रोवलेले चमचे, फळांच्या दारूची, राकियाची सुरई, आणि दाराशी उभा झिवान. सूट त्याच्या अंगावर ढगळा झाला होता. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही.

दहा वाजले, अकरा वाजले. समोरच्या घराचा पडदा एकदा हलला आणि पुन्हा स्थिर झाला. सेन्का सूप गरम करायची, गार होऊ द्यायची, पुन्हा गरम करायची. आपण बापाला या दाराशी उभं केलं, हे फार क्रूर केलं, असं तिला वाटायला लागलं.

फाटक वाजलं तेव्हा दोघंही दचकले.

आत आली ती अनोळखी बाई. साठीच्या पुढची, ठेंगणी, चिखलाने माखलेले बूट, एका हातात वाइनची बाटली आणि दुसऱ्या हातात कॉफीचा पुडा.

“सुखाची होवो स्लावा, यजमान,” ती धापा टाकत म्हणाली, वाडग्यापाशी गेली, क्रूस केला, चमचाभर झितो खाल्लं आणि मग नीट वळून पाहिलं. “नावाडी तुम्हीच ना?”

खेळात झिवानचं नाव ‘नावाडी’ होतं.

“मी यागोदा! किकिंदाची! तुमच्या डाव्या हाताचा सालाश माझा! तुम्ही माझं गवत नाही का कापत दर आठवड्याला?”

“तुमचं बीट नेहमी उशिरा निघतं,” झिवान कसाबसा म्हणाला.

“कारण माझी कंबर खरी आहे, बीट खोटं असलं तरी! तुम्ही त्या दिवशी लिहिलंत ना, की लुका असतो आणि कुणाला बोलावत नाही. मी वाचलं आणि म्हटलं, झालं तर मग, बोलावलेलं नाही म्हणजे जायलाच पाहिजे. तिसावर तराफे राहिलेत किती? पहिल्या ठिकाणी म्हणाले पुढे जा, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले इथेच. बसवाल्याने मला भलत्याच फाट्यावर उतरवलं म्हणून हे बूट असे.”

सेन्काने तिला खुर्चीत बसवून सूप वाढलं. झिवानने राकिया ओतली. मग समोरच्या गल्लीतली व्हेरिका आली. परकी बाई आत गेलेली पाहून तिला राहवलं नसेल, पण आली, आणि केकचं ताट घेऊन आली. मग पोस्टमन आला. मग तराफ्यावरचा झिवानचा जुना जोडीदार, काठी टेकत. पलंगावर कोटांचा ढीग झाला. पण समोरचं सावाचं दार बंदच होतं, आणि झिवानची नजर प्रत्येक घासागणिक तिकडे जात होती.

“आणि ते निमंत्रणाचं कुठल्या दीडशहाण्याने लिहिलं असेल हो?” यागोदाने सार्मा कापत विचारलं.

“माझ्या मुलीने,” झिवान म्हणाला.

यागोदाने एकवार सेन्काकडे पाहिलं आणि अजिबात न ओशाळता म्हणाली, “सार्मा छान जमलाय.”

सगळे हसले. सेन्काही हसली, मग म्हणाली, “यागोदाबाई, खरं सांगा. उद्या सकाळी मला ठरवायचंय. आठवड्याची कामं ठेवू की काढू? मध बंद करून टाकू का?”

“खबरदार!” यागोदाने काटा खाली ठेवला. “माझा नवरा गेला, पोरगा जर्मनीत. मंगळवारी मी बीट उपटते, गुरुवारी बदकं बघते. केलेल्या कामाचं कुणी काही देत असेल तर ते मला गोड लागतं. त्यात कसली लाज? पण मी शेजाऱ्याच्या अंगणात पाय ठेवला की बरणी, मला कुणी नमस्कार केला की त्याला बरणी, हे मला आवडत नाही. मग कळतच नाही की हा माणूस माझ्याकडे आला की बरणीकडे. आणि ती रविवारची सुरी मानेवरून काढ आधी. आठवडा संपला म्हणून माझी सगळी मेहनत पाण्यात का जाते? कामाचं दे, पोरी. येण्याचं देऊ नकोस.”

झिवानने यागोदाचा पेला पुन्हा भरला.

सेन्का कोटांच्या खोलीत गेली आणि तिने ओग्न्येनला फोन लावला. “कामं ठेवायची, मधही ठेवायचा,” ती म्हणाली. “पण राहिलेलं काम पुसायचं नाही, पुढच्या आठवड्यात करू द्यायचं. आणि भेटीगाठींचं बक्षीस काढून टाक. सगळं.”

“भेटींचं?” ओग्न्येन जवळजवळ ओरडला. “सेन्का, अर्धा खेळ भेटींवर चालतो! फुकट कोण जाईल कुणाच्या घरी?”

तिने खिडकीतून पाहिलं. रस्त्यापलीकडे सावाचं दार बंद होतं आणि ऊन उतरायला लागलं होतं.

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. खोटं बोलवेना. “कदाचित कमी जातील. पण जो जाईल तो खरा गेलेला असेल. तू करून तर बघ.”

ओग्न्येनने मोठा सुस्कारा टाकला. “बरं. पण बेकरीत तू भट्टीपाशी उभी राहणार.”

ती बाहेर आली तेव्हा पोस्टमन कोट शोधत होता, व्हेरिका ताटं गोळा करत होती. यागोदाची शेवटची बस निघायला थोडाच वेळ उरला होता. झिवान अजून दाराशी उभा होता, सकाळपासून तो एकदाही बसला नव्हता. सेन्काला म्हणावंसं वाटलं, बाबा, आता मिटा दार. तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात कुत्रा भुंकला.

सावा रस्ता ओलांडत होता. सावकाश, टोपी हातात घेऊन. त्याच्या मागे त्याची बायको पदराखाली झाकल्यासारखं काहीतरी कोटाखाली धरून येत होती. फाटकाशी तो थांबला. झिवान पायरी उतरला आणि तोही थांबला.

“सुखाची होवो स्लावा, कुमा,” सावा म्हणाला.

“उशीर केलास,” झिवान म्हणाला.

“सकाळपासून खिडकीत बसलो होतो. शेवटी बायको म्हणाली, जायचं नसेल तर जाऊ नकोस, पण माझ्या खिडकीतून ऊठ.”

“सावा, मी पेत्रोव्दानला...”

“आला नव्हतास. माहितीये मला.” सावाने टोपी दोन्ही हातांत चुरगाळली, मग पुढे होऊन त्याच्या दोन्ही गालांवर तीनदा ओठ टेकवले आणि त्याला घट्ट धरलं. “तुझं ताट मांडलं होतं. रात्री मी तुझ्या वाटचंही खाल्लं, आणि दोन दिवस पोट धरून पडलो होतो. पुन्हा असं करू नकोस, आता वय राहिलं नाही माझं.”

झिवान रडत होता आणि हसत होता. तो सावाचा हात धरून त्याला आत, टेबलाच्या मानाच्या खुर्चीकडे घेऊन गेला.